न्हाणीला दार

दयाश्रयात मी लेखनिक म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. साल एकोणीसशे साठ. वडील राजापेठेतल्या शाळेत मास्तर होते, ते आदल्या वर्षी वारले. आईला आणि मला या नोकरीचाच आधार होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं तेव्हा मी गप्प का बसले असं कुणी विचारलं, की मी हेच कारण देत आले. कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

दयाश्रय म्हणजे बडनेरा रस्त्यावरचा अपंगांचा आश्रम. एका बाजूला पुरुषांच्या खोल्यांची ओळ, दुसऱ्या बाजूला बायकांची, मधे अंगण आणि अंगणात विहीर. बायका सतरा. कुणी आंधळी, कुणाचे पाय गेलेले, एक-दोघी फिट येणाऱ्या. व्यवस्थापक महादेवराव तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. डाळ पातळ झाली तर स्वयंपाक्याला फैलावर घेत, औषधाच्या बाटल्या स्वतः तपासत. त्यांना दुष्ट म्हणावं असं वरवर काही नव्हतं. आपण या लोकांवर उपकार करतो आहोत, एवढंच त्यांच्या मनात पक्कं होतं. आणि उपकार घेणाऱ्यानं बोलायचं नसतं, हेही.

एकसष्टच्या फेब्रुवारीत शहाजादी आली. बाळापूरच्या विणकराची मुलगी, वय तीस. लहानपणी तापात दोन्ही पाय गेले. आई होती तोवर आईनं सांभाळलं. आई गेली, भाऊ कुर्बानच्या दोन खोल्यांत सहा पोरं, म्हणून तो तिला घेऊन आला. टांग्यातून त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि माझ्या टेबलापर्यंत आणलं. असंच पाठीवर बसवून त्यानं तिला चार वर्षं शाळेत नेलं होतं, हे मला नंतर कळलं. खुर्चीवर बसवताना त्यानं तिची ओढणी नीट केली आणि मग भिंतीकडे बघत उभा राहिला.

मी अर्ज पुढे सरकवला.

"ह्यात काय लिहेल हाये?" तिनं विचारलं.

"आश्रमाचे नियम. सगळेच सही करतात."

"मंग वाचून दाखवा ना."

अकरा नियम होते, आणि जेवणाची घंटा झाली होती. मी म्हटलं, "नंतर दाखवते."  मग तिनं सही केली, आधी उर्दूत आणि खाली मराठीत. मी नंतर काही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्हाणीकडे नेलं आणि तिथं तिनं पाहिलं, की न्हाणीला दार नाही.

पूर्वी होतं. दोन वर्षांपूर्वी फिट येणाऱ्या एका मुलीनं आतून कडी लावली आणि ती आत पडली. दार फोडावं लागलं. मुलगी वाचली. महादेवरावांनी त्याच दिवशी दार बिजागऱ्यांसकट काढलं. पुढे त्या फळ्यांचं स्वयंपाकघरात फडताळ झालं. न्हाणीचं तोंड सरळ विहिरीकडे. विहिरीवर नोकर पाणी भरत, लाकूडवाले मोळ्या उतरवत, पुरुषांच्या ओळीतले लोक दात घासायला बसत. सतरा बायकांना एकच मदतनीस, बायजा. जी तिला उचलवत नसे, तिला बुधाजी उचलून न्हाणीत ठेवी. बुधाजी पन्नाशीचा नोकर. काम करताना मान वळवून भिंतीकडे बघायचा. पण उचलायचा तोच.

"दार काहून नाई?" शहाजादीनं बायजाला विचारलं.

"इथं लाज सुटते बाई," बायजा म्हणाली. "पंधरा दिसांत सुटते."

शहाजादीनं आपली ओढणी काढली आणि चौकटीच्या दोन खिळ्यांना बांधली. अर्ध्या तासात महादेवराव आले आणि त्यांनी ती सोडवून तिच्या हातात दिली.

"हा तुमच्या मोहल्ल्यातला पडदा इथं चालायचा नाही. इथं सगळे सारखे."

"सारखे असान तर तुमच्या न्हाणीलेही दार नसन," ती म्हणाली.

कर्मचाऱ्यांच्या न्हाणीला दार होतं. आतून कडी होती, बाहेर पाटी होती. महादेवराव तडक कचेरीत आले आणि मला नोंदवही काढायला सांगितली. शहाजादीच्या नावापुढे 'वर्तन' असा रकाना होता. त्यात 'उद्धट' असं लिहायला लावलं. अक्षर माझं आहे. आजही त्या वहीत असेल.

त्यानंतर तीन आठवडे ती न्हाणीकडे गेली नाही. शेजारच्या खाटेवर देवकाबाई होत्या, दर्यापूरकडच्या, दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या. रोज पहाटे बायजा पाण्याची बादली आणून ठेवी, देवकाबाई दोन्ही हातांनी घोंगडी ताणून आडोसा धरत, आणि शहाजादी खाटेवरच अंग पुसून घेई. दिवसभर ती नवार विणायची. तिचे हात इतके भराभर चालत, की आश्रमातल्या निम्म्या खाटांची नवार महिनाभरात तिनं नव्यानं भरली.

मार्चच्या वीस तारखेला समाजकल्याण खात्याचे अधिकारी पाहणीला येणार होते. एकोणीस तारखेला महादेवरावांनी सगळ्यांना डोक्यावरून अंघोळ घालायचा हुकूम काढला. शहाजादीनं सांगितलं, मी स्वच्छ आहे, हवं तर बाईमाणसाला पाठवून बघा. महादेवरावांनी बुधाजीला आणि स्वयंपाक्याच्या हाताखालच्या गड्याला पाठवलं.

त्यांनी तिला चादरीसकट उचललं आणि न्हाणीत नाही, वेळ नव्हता म्हणून, विहिरीच्या कट्ट्याशी ठेवलं. अंगावरच्या कपड्यांसकट तिच्यावर पाणी ओतलं. सहा-सात बादल्या. गडी तिचे केस चोळत होता. लाकडाची गाडी आली होती, गाडीवाले दोघे मोळ्या खाली ठेवून उभे राहिले. पुरुषांच्या ओळीतून कुणीतरी हसलं.

माझी खिडकी अंगणात उघडत होती. ती ओरडली नाही. एकच वाक्य ती पुन्हापुन्हा म्हणत होती, नेहमीच्याच आवाजात. "हात लावू नका. मी सांगून राहिली, हात लावू नका."

मी उठले आणि खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, पाऊण तास थांबले, चहा घेतला, स्वच्छतेबद्दल समाधान व्यक्त करून गेले. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा बायजा सांगत आली, शहाजादीबीनं बोलावलंय.

ती खाटेवर ताठ बसली होती. मला वाटलं रडेल, आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

"खिडकी तुमीच लावली ना?" ती म्हणाली. "पाह्यलं मी."

मी मान खाली घातली.

"आता कागद काढा. मी बोलीन, तुमी लिहा. माहं मराठी अक्षर बराबर नाई, ते लोकं त्याच्यावरच हसतीन."

"शहाजादीबी, माझी नोकरी..."

"तुमची नोकरी जाईन का नाई ते मले माहीत नाई. माहं काय गेलं ते तुमाले माहीत हाये."

मी लिहिलं. अर्ज संस्थेच्या अध्यक्षांना होता. न्हाणीला दार पाहिजे. बाईला उचलायला बाई पाहिजे. आणि अंगाला हात लावण्याआधी जिचं अंग आहे तिला विचारलं पाहिजे. एकोणीस तारखेला काय झालं ते तिनं चार ओळींत सांगितलं. कुणाला शिवी नाही, एक शब्द जादा नाही. दोन दिवसांत सतरापैकी चौदा बायकांनी त्याच्यावर सही किंवा अंगठा केला.

महादेवरावांना कळलं तेव्हा ते बायकांच्या ओळीत आले. "ही पडद्याची भानगड आहे," ते म्हणाले. "तिच्या धर्मात असेल. तुम्हाला काय गरज? देवकाबाई, तुम्हाला तर दिसतही नाही."

"मले दिसत नाई मालक," देवकाबाई म्हणाल्या. "लोकाइचे डोये तर शाबूत हायेत ना."

एप्रिलात कार्यकारी मंडळाची सभा झाली. कचेरीतच, पाच खुर्च्या मांडून. इतिवृत्त लिहायला मी होते. अध्यक्ष उत्तमराव हे शहरातले नावाजलेले वकील. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन वेळचं जेवण, कपडे, औषध," बाजूला बसलेले मंडळातले डॉक्टर म्हणाले. "लोकांच्या दारोदार फिरून आपण हे उभं करतो. आणि वर तक्रार."

"अडाणी बायका आहेत," महादेवराव म्हणाले. "अंगठा कशावर उठवला हेही त्यांना ठाऊक नसेल."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "प्रत्येकीला मी वाचून दाखवलाय. त्या बाहेरच बसल्या आहेत. विचारा."

सभेची वेळ मीच त्यांना सांगितली होती. उत्तमरावांनी नाइलाजानं मान हलवली. शहाजादी दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरून, त्यांच्यावर अंग रेटत आत आली आणि खुर्च्यांसमोर फरशीवर बसली. तिच्या खांद्यावर हात ठेवून देवकाबाई आल्या. मागे बाकीच्या दारात दाटल्या. कुणी त्यांना बसायला सांगितलं नाही.

"बोला बाई," उत्तमराव म्हणाले.

"साहेब, तुमच्या घरी न्हाणीले दार हाये का?"

"प्रश्न तो नाही."

"प्रश्न तोच हाये. हाये का नाई?"

"आहे."

"तुमची माय म्हातारी असन. पडन म्हणून तिच्या न्हाणीचं दार तुमी काढलं का?"

उत्तमरावांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. डॉक्टर म्हणाले, "इथं जबाबदारी आमची आहे. आत कुणाला काही झालं तर?"

"बाहेरूनही खोलता येईन अशी कडी लावा. मिस्त्री लोकाइले येते बनवता. थे मुलगी पडली तं कडी बदलाची होती. तुमी दारच काढलं, अन् सतरा बाया उघड्या केल्या."

"तुम्ही हे विसरता," डॉक्टरांचा आवाज चढला, "की तुम्ही इथं समाजाच्या दयेवर राहता."

"जेवू घालता म्हणून माहं अंग तुमचं झालं का?"

 मग कोपऱ्यातून बुधाजी बोलला. तो पाण्याचे पेले घेऊन उभा होता. त्यानं तबक खाली ठेवलं.

"साहेब, मी बाईमाणसाले आता नाई उचलणार. त्या दिसी हुकूम पाळला. तवापासून घरी पोरीइच्या तोंडाकडे पाहवत नाई." तो शहाजादीकडे वळला, पण तिच्याशी बोलायचं त्याला धाडस झालं नाही. "पाह्यजे तर काढून टाका मले."

सगळ्यांना बाहेर जायला सांगण्यात आलं. पाव तासात दोन ठराव झाले. पहिला, बायकांच्या न्हाणीला दार बसवावं आणि आणखी एक मदतनीस बाई नेमावी. मी तो लिहून घेतला आणि माझे डोळे भरून आले. दुसरा ठराव उत्तमरावांनी सांगितला. शिस्त बिघडवल्याबद्दल शहाजादी हिला एक महिन्याच्या आत तिच्या भावाच्या स्वाधीन करावं.

"दार बरोबर आहे म्हणूनच देताय ना?" मी विचारलं. "मग जिनं मागितलं तिला काढता कशासाठी?"

"मागण्याची एक रीत असते," उत्तमराव म्हणाले.

"दुसरा ठराव मी लिहीत नाही."

त्यांनी रागावूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या हातातली वही ओढून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच दोन ओळी लिहिल्या. इतकंच लागलं त्यांना एका बाईला घराबाहेर काढायला.

दार बसवायला अब्दुल गफ्फार मिस्त्री आला. सागाचं चांगलं दार केलं त्यानं. पण महादेवरावांच्या सांगण्याप्रमाणे कडी लावली ती उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. सतरांपैकी नऊजणी उभ्याच राहू शकत नव्हत्या. शहाजादी ठोकळ्यांवर तिथपर्यंत गेली, आत बसली आणि हात वर केला. बोटं कडीच्या वीतभर खाली राहिली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "इथं खूण करा."

"मालकाइले विचारा लागन आपा."

"न्हाणार आमी. विचारता मालकाइले?"

अब्दुल गफ्फारनं इकडेतिकडे पाहिलं. मग कानामागची पेन्सिल काढली, तिच्या बोटांशी रेघ ओढली आणि कडी काढून त्या जागी ठोकली. बाहेरून पातं घालून उचलता येईल अशी फटही ठेवली. महादेवराव दुपारी झोपले होते. उठले तेव्हा काम झालं होतं, आणि पुन्हा वर नेली तर खालीही भोकं दिसतील म्हणून त्यांनी तसंच राहू दिलं.

त्या दिवशी चार वाजता शहाजादी न्हाणीत गेली. नवी मदतनीस बाई आत पाणी ठेवून बाहेर आली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. देवकाबाई दाराबाहेर बसून होत्या. तासभर आतून पाण्याचा आवाज येत होता. कुणी घाई केली नाही.

आठवड्यानं कुर्बान आला. टोपी हातात धरून महादेवरावांपुढे उभा राहिला. "नादान हाये साहेब, माफ करा. एकदा मौका द्या. घरी खरंच जागा नाई."

"कुर्बान," शहाजादी खाटेवरून म्हणाली, "माफी नको मांगू. माफी यायनं मागाची हाये."

त्यानं तिला पाठीवर घेतलं. देवकाबाई तिचा हात सोडेनात. बायजानं बोटं एकेक करून सोडवली.

पावसाळ्यानंतर वार्षिक अहवालाचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'आश्रमातील भगिनींनी केलेल्या मागणीवरून न्हाणीघरास दार बसविण्यात आले. मागणी करणाऱ्या भगिनीस आश्रमातून काढण्यात आले.' मसुदा लाल शाईनं परत आला. दुसरं वाक्य पूर्ण खोडलं होतं. पहिलं बदललं होतं: 'भगिनींची गैरसोय जाणून मंडळाने उदार अंतःकरणाने दार बसविले.' न्हाणीच्या दारावर त्याआधीच पांढऱ्या रंगात एका दात्याच्या मातोश्रींचं नाव आलं होतं, स्मरणार्थ म्हणून. मी मसुदा टेबलावर ठेवला, त्याच्यावर राजीनामा ठेवला आणि घरी गेले.  तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, आता अकोल्याला मामाला कळव.

अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. बासष्टच्या दिवाळीच्या सुटीत मी बसनं बाळापूरला गेले. कुर्बानच्या घरामागच्या पडवीत शहाजादी नवार विणत बसली होती. वाळली होती. पडवीला तिनं गोणपाटाचा आडोसा लावून घेतला होता. मी तिला अहवालाचं सांगितलं, दारावरच्या नावाचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल, निदान दार तरी झालं म्हणेल. तसं म्हणून मीच स्वतःला समजावत आले होते.

"दार झालं तर," मी म्हटलं.

तिनं नवार बाजूला ठेवली. "बाई, मी दार मागितलं. मले बाहेर काढा असं नव्हतं मागितलं. तथी देवकाबाई होती. सकाळी बोलाले माणूस होतं. इथं वहिनी चांगली हाये, पण तिले सहा पोरं अन् सातवी मी. ते घर माहं होतं. दाराच्या बदल्यात घर घेतलं यायनं, अन् तुमी म्हणता दार झालं."

 मी पिशवीतून कागद काढला.

आश्रमात परत घ्यावं म्हणून पहिला अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहिला. त्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, 'जागा रिकामी नाही.' त्याच आठवड्यात देवकाबाईंनी नव्या मदतनीस बाईकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं. तुझी खाट अजून माझ्या शेजारीच आहे, तिच्यावर जादा गाद्या रचून ठेवतात, असं त्यात होतं.

तिसरा अर्ज आम्ही या जानेवारीत केला, थेट मुंबईला, खात्याच्या मंत्र्यांच्या नावानं. सोबत उत्तराची आणि देवकाबाईंच्या कार्डाची नक्कल जोडली. शहाजादीनं मजकूर सांगितला, मी लिहिला. शेवटी सवयीनं मी 'तरी कृपा करून' असं लिहिलं. तिनं कागद मागून घेतला, बोट ठेवून वाचला आणि त्या शब्दांवर थांबली.

"हे काढा," ती म्हणाली. "माहं होतं ते मांगून राहिली मी."

मी ते शब्द खोडले, कागद पुन्हा नव्यानं लिहिला, आणि तिनं खाली दोन्ही लिप्यांत सही केली. अकोल्याच्या पोस्टातून मी तो रजिस्टर केला. साल चौसष्ट चालू आहे. पोच आली आहे, उत्तर यायचं आहे.